खारपाणपट्ट्यात हलकी किट-स्पोर्ट्स कार: घेण्याआधी आणि घेतल्यावर

सहाशे-सातशे किलो वजनाची, दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी, सुटे भाग (किट) आणून जोडायच्या जातीची गाडी आपल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या गावांत, कशी चालते, हे मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. अकोटहून फोन येतात, मूर्तिजापूरहून येतात. मागच्या दिवाळीत वरूडचा एक पोरगा थेट अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ पैसे तयार होते, पण कागदाचा पत्ता नव्हता, आणि तो जी गाडी घ्यायला निघाला होता तिला नंबरच मिळाला नसता. त्याला जे तीन तास बसून सांगितलं, ते इथे क्रमानं लिहितो.

मी दर्यापूर तालुक्यात राहतो. शेती कापूस-तुरीची, घराला पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये सात वर्षांपासून अशी एक गाडी. ती मी दुसऱ्या हाताची घेतली. इंजिन सोडून बाकी जवळजवळ सगळं मी स्वतः एकदा तरी उघडून बसवलं आहे.

१. आधी ही जात ओळखा

या गाड्यांचं मूळ इंग्लंडमधल्या लोटस सेव्हनमध्ये आहे. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये आणली. चौकोनी नळ्यांची चेसिस, पातळ पत्र्याचं आणि फायबरचं अंग, पुढे लांब बॉनेट, चाकं बाहेर. तिकडे तयार गाडीवर खरेदीकर होता आणि सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक भाग विकत घेऊन घरी गाडी जोडायचे. १९७३ मध्ये तो कर गेला, त्याच वर्षी सेव्हन बनवायचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि तीच गाडी आजही बनते.

आपल्याकडे मात्र हा मार्ग नाही, आणि पहिला खड्डा इथेच आहे. ‘किट मागवतो, घरी जोडतो, आरटीओत नंबर घेतो’ असं ज्याच्या डोक्यात असेल त्यानं थांबावं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १२६ व्या नियमाप्रमाणे गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत तपासून मंजूर व्हावा लागतो. हे कंपनीचं काम आहे, एकट्या माणसाच्या खिशातलं नाही. घरी जोडलेली गाडी स्वतःच्या शेतात किंवा बंद ट्रॅकवर फिरवता येते. डांबरी रस्त्यावर नाही.

म्हणून शहाणपणाचा रस्ता एकच: जी आधीच नोंदणी झालेली आहे तीच घ्या. महाराष्ट्रात अलिबागजवळच्या कारलेखिंडीत चिंकारा मोटर्सनं सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर बनवली. तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. गोव्याच्या सॅन मोटर्सची स्टॉर्म फायबर अंगाची आणि रेनॉच्या १.२ लिटर इंजिनाची. दोन्ही थोड्याच बनल्या, म्हणून मिळायला वेळ लागतो. वर्ष लागलं तरी लागू द्या.

इसुझूच्या इंजिनाचा आपल्या भागात एक मोठा फायदा आहे. तेच घराणं कॉन्टेसात आणि शेवटच्या काळातल्या अ‍ॅम्बेसेडर १८०० मध्ये होतं. अकोला-अमरावतीत टॅक्सीच्या अ‍ॅम्बेसेडर उघडलेले जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या हाताला ते इंजिन ओळखीचं आहे.

२. कागद: पैसे देण्याआधी, नंतर नाही

मला गाडी दाखवणारा दलाल म्हणाला होता, ‘भाऊ, कागद मागून येतात, गाडी घेऊन जा.’ मी त्याचं ऐकलं आणि नाव चढायला अकरा महिने लागले. तितके दिवस गाडी शेडमध्येच उभी. तुम्ही असं करू नका.

हे सगळं समोर ठेवून मगच व्यवहार करा:

- मूळ आरसी. तिच्यावरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः गाडीवर वाचून जुळवा. चेसिसच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घ्या आणि जवळ ठेवा.
- गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज: नमुना २९ च्या दोन प्रती आणि नमुना ३०, विकणाऱ्याच्या सहीसह.
- गाडीवर कधी कर्ज असेल तर ती कर्जाची नोंद काढायचा नमुना ३५ आणि बँकेचं पत्र.
- दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८, म्हणजे ना-हरकत. इथला रस्ता कर वेगळा भरावा लागतो, तो भावातून आधीच वजा करा.
- चालू विमा, पीयूसी, आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागली आहे का ते.

यातल्या बहुतेक गाड्या आता पंधरा वर्षांच्या पुढे आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत कधी संपते ती तारीख आरसीवर पाहा. संपलेली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्यालाच करायला लावा. तपासणीत गाडी नापास झाली तर ते त्याच्याकडे असतानाच कळलेलं बरं.

विम्याबद्दल दोन गोष्टी एजंट सहसा सांगत नाही. पाच वर्षांच्या पुढची किंवा बनणं बंद झालेली गाडी असेल तर तिची विमा-किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. म्हणून एजंटनं संगणकातून काढलेला आकडा मान्य करू नका, फोटो आणि बिलं दाखवून किंमत बोला. दुसरी गोष्ट, सध्या नुकसानभरपाईत फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के. या गाडीचं अर्धं अंग फायबरचं असतं, तेव्हा अपघातानंतर किती पैसे हातात येतील याचा हिशेब आधीच करून ठेवा. आणि गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करायचा अर्ज द्या.

३. बघायला जाताना काय बघायचं

रंग पाहू नका. सकाळच्या उजेडात जा, सोबत टॉर्च, छोटा आरसा आणि एक चुंबक न्या. गाडी खड्ड्यावर किंवा लाकडी ठोकळ्यांवर घ्यायला सांगा आणि आडवे पडून चेसिसचा एकेक सांधा पाहा, विशेषतः जिथे सस्पेन्शनचे हात चेसिसला जोडतात तिथे. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्याभोवती तांबूस डाग दिसला की खाली वेल्ड तडकलेला आहे असं धरा. फायबरच्या खाली लोखंडी पट्ट्या कुठे आहेत ते चुंबकानं कळतं. कुठे कोणी नंतर पत्रा ठोकला असेल तर तेही.

टायरवर नक्षी भरपूर असेल आणि विकणारा तीच दाखवेल. तुम्ही टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. या गाड्या फार थोड्या चालतात, त्यामुळे टायर झिजत नाही, वाळतो. सहा-सात वर्षांवरचा टायर नखानं दाबून पाहा. लाकडासारखा लागला तर चार टायरचे पैसे भावातून कमी करा.

४. जागा आणि हत्यारं

शेड कोरडं हवं आणि जमीन सपाट कोब्याची हवी. काळ्या मातीवर जॅक लावू नका. पहिल्या पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते, जॅक तिरका होतो. हत्यारं शेतकऱ्याकडे अर्धी असतातच: ग्रीस गन, पाने, गोटी पान्याचा संच. वर एक टॉर्क रेंच, फिलर गेज, मल्टिमीटर, चांगला हवेचा गेज आणि जाड स्टॅंडची जोडी घ्या. टॉर्क रेंचवर पैसे वाचवू नका. ट्रॅक्टरचा बोल्ट जीव लावून आवळायची आपल्या हाताला सवय असते आणि इथे त्याच सवयीनं धागे सोलले जातात.

५. उन्हाळा आणि पाणी

गाडी या भागात टिकते की नाही ते इथे ठरतं, म्हणून हा मुद्दा लांबवतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. आपल्या बोअरचं पाणी गुरं नाक मुरडून पितात, पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडते. पहिल्या एप्रिलमध्ये शेताजवळ गाडीचा काटा लाल पट्टीकडे गेला आणि मी घाईत तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. त्या दिवशी घरी पोचलो. दोन महिन्यांनी टोपण उघडलं तर आत पांढरे खडे. रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजल्या होत्या, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत होता, आणि हेडच्या अ‍ॅल्युमिनियमला क्षारानं खड्डे पडायला सुरुवात झाली होती. रेडिएटर बदलावा लागला.

म्हणून:

गाडीत कायम पाच लिटर डिस्टिल्ड पाणी ठेवा. बॅटरीच्या दुकानात मिळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळा, दर दोन वर्षांनी बदला. बोअरचं, विहिरीचं, हातपंपाचं पाणी अडचणीतही नको. अगदीच इलाज नसेल तर पावसाचं साठवलेलं चालेल, आणि घरी आल्यावर सगळं काढून धुवा.

रेडिएटरचं टोपण स्वस्तात मिळतं आणि तेच लोक विसरतात. टोपण दाब धरत असेल तर पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. रबर वाळलं की दाब सुटतो आणि तीच गाडी तापायला लागते. दर दोन उन्हाळ्यांनी नवं बसवा.

मग रेडिएटरच्या कडेच्या फटी बंद करा. पुढून आलेली हवा सोपा रस्ता शोधते. रेडिएटरच्या बाजूनं मोकळी जागा असेल तर ती जाळीतून न जाता बाजूनं निघून जाते. मी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि फोम लावून चारही बाजू बुजवल्या. त्या एका दुपारच्या कामानं काटा जितका खाली आला तितका मोठा पंखा लावूनही आला नव्हता. पंख्याला डॅशवर हाताचं बटण मात्र द्या. गावात बैलगाड्यांच्या किंवा मिरवणुकीच्या मागे अडकलात की सेन्सरची वाट पाहू नका.

कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून रुईचे तंतू रस्त्यावर उडत असतात. ते रेडिएटरवर थर धरतात आणि समोरून पाहिलं तर दिसतही नाहीत. पुढे बारीक जाळी लावा, आठवड्यातून एकदा काढून झटका. रेडिएटर धुताना पाणी मागून पुढे सोडा आणि धार हळू ठेवा, नाहीतर पातळ पाती दुमडतात.

कार्बोरेटरची गाडी असेल तर भर दुपारी, गाडी थांबवून दहा मिनिटांनी परत सुरू करताना ती होत नाही. पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरते. एका जुन्या टॅक्सीवाल्या काकांनी मला तेव्हा सांगितलं, ‘सेल मारू नोको बाप्पा, बॅटरी जाईन. पंपावर ओला फडका टाक अन् पाच मिनिट थांब.’ गाडी सुरू झाली. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर फिरवायची आणि तिच्यावर उष्णतारोधक गुंडाळी चढवायची. नळी बदलताना जे३० आर९ (पेट्रोलच्या नळीच्या दर्जाची खूण) लिहिलेलीच घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं, शेवटी गळतं. इंजिनाच्या तापलेल्या भागावर पेट्रोल गळणं म्हणजे फायबरच्या गाडीला आग. एक किलोचं अग्निशामक सीटमागे पक्कं बसवा, हात पोचेल असं.

६. हवा, रस्ते आणि रोही (नीलगाय)

पंक्चरवाल्याला ही गाडी समजावून सांगावी लागते. माझ्याकडे पहिल्यांदा हवा भरली तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, ३२ च टाकतो, कमी हवेत टायर फुटते.’ साध्या गाडीला ते ठीक आहे. पण सेव्हन जातीच्या हलक्या गाडीला १८ ते २२ पुरते, तेही थंड टायरवर मोजून. ३२ टाकली की टायर मधूनच टेकतो, गाडी रस्त्यावर उड्या मारते आणि ब्रेक लावला की चाक घसरतं. मी त्या दिवशी लासूरच्या रस्त्यावर वळणात सरकलो, नशिबानं समोरून कोणी नव्हतं. तेव्हापासून हवा घरीच भरतो.

गतिरोधक कधीही सरळ ओलांडू नका. तिरके जा, एकेक चाक चढवा, आणि सोबतच्या माणसाला उतरवा. रोजच्या वाटेवरचे गतिरोधक पाठ करा. शाळेजवळच्या नव्या गतिरोधकाला पांढरा पट्टा असेलच असं नाही. पांदण रस्त्यावर ही गाडी नेऊच नका, कोरड्या दिवसातही नाही. बैलगाडीच्या चाकोऱ्या खोल असतात आणि मधला उंचवटा थेट सम्पला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, लागतो.

दिवसा हेडलाइट चालू ठेवा. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ट्रॉलीच्या बाजूची आपली गाडी दिसत नाही. ओव्हरटेक करताना हॉर्न द्या आणि त्यानं मागे पाहिलं हे दिसल्यावरच पुढे जा. अंधार पडला की घरी. रोही रस्त्यावर आला तर आपल्या गाडीच्या बॉनेटवरून सरळ अंगावर येतो, मध्ये काही नाही. रानडुकराचं उलट, ते खाली घुसतं.

७. दर ५०० किलोमीटरला नट-बोल्ट

हलक्या गाडीत इंजिनाची थरथर सगळीकडे पोचते आणि बोल्ट सैल होतात. मी प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर आवळल्यानंतर पांढऱ्या मार्करनं एक रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर अर्धी पत्र्यावर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. अर्ध्या तासात सगळी गाडी बघून होते. सस्पेन्शनचे हात, स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक कॅलिपर, सीटचे आणि पट्ट्याचे बोल्ट, मागच्या शाफ्टचे बोल्ट. नायलॉनचा नट एकदा काढला की परत वापरायचा नाही; पाच-दहा रुपयांचा आहे.

सांध्यांच्या रबरी टोप्या फाटल्या की काळ्या मातीची धूळ आत जाऊन ग्रीसबरोबर घासपूड होते. टोपी फाटली की सांधा अजून चांगला असतानाच टोपी बदला. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांनी ते बदलायचंच. एअर फिल्टर कागदाचा आणि बंद डब्यातला ठेवा. दिसायला छान, उघडे फिल्टर लोक सुचवतात. तुरीच्या मळणीच्या दिवसांत थ्रेशरच्या धुळीतून एकदा गेलात की ती धूळ सिलेंडरमध्ये जाते.

वेल्डिंगबद्दल कळकळीनं सांगतो. गावातला वेल्डिंगवाला ट्रॉली, वखर, फाटक उत्तम करतो, पण ही नळी दीड मिलिमीटर जाडीची असते. साध्या आर्कच्या कांडीनं ती जळून भोक पडतं, मग तो वर मसाला चढवतो, आणि तडा त्याच्या बाजूला परत जातो. मिग किंवा टिग करणारा कारागीर अमरावती किंवा अकोल्याच्या एमआयडीसीत शोधा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची जोडणी काढा.

८. फायबर फुटलं तर

घाबरू नका, हे घरी जमतं. वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर फक्त वरचा थर तडकलेला असतो. आरपार तडा असेल तर आतून घासून, काचेची चटई आणि पॉलिस्टर रेझिनचे दोन-तीन थर द्यायचे. फायबरची कूलर बॉडी किंवा मूर्ती करणारे लोक जवळ असतील तर त्यांच्याकडून सामान घ्या आणि एकदा हात बघा. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्के. मे महिन्यात दुपारी हे काम केलंत तर भांड्यातच रेझिन दगड होतं आणि इतकं तापतं की हात भाजतो. सकाळी सहाला करा, थोडं-थोडं कालवा, तोंडाला चांगला मास्क आणि हातात मोजे घाला.

९. बदल: काय करावं, काय नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळचं मूळ स्वरूप मालकाला आपल्या मनानं बदलता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोठं इंजिन टाकायचं मनात असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद आधी. अपघात झाला आणि इंजिन क्रमांक जुळला नाही, तर विमा कंपनी पैसे देत नाही.

खरं सांगायचं तर मोठ्या इंजिनाची गरजही नसते. वजन निम्मं असलं की साधं इंजिनही जोरात पळतं. पैसे या क्रमानं घाला: आधी ताजे टायर, मग चांगले ब्रेक पॅड आणि नव्या ब्रेक नळ्या, मग अंगाला बसणारी सीट. मग शॉक अ‍ॅब्झॉर्बरची सेटिंग.

चार चाकांवरचं वजन सारखं वाटायला लोक धरमकाट्यावर जातात. तो पाच-दहा किलोच्या टप्प्यानं मोजतो, इथे उपयोगाचा नाही. बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांकडचे चार सारखे प्लॅटफॉर्म काटे एका रविवारी भाड्यानं आणा, सपाट कोब्यावर एका पातळीत ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाइतकी सरकीची पोती ठेवा आणि स्प्रिंगचे बैठक-नट फिरवून डावा-उजवा तोल जुळवा. माझ्याकडे पुढच्या दोन चाकांत ३४ किलोचा फरक निघाला होता. तो काढल्यावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढणं थांबलं.

१०. पावसाळ्याचे चार महिने

मृग लागला की मी गाडी उभी करतो. टाकी पूर्ण भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकाला लाकडी पाचर लावा, नाहीतर ब्रेक ड्रमला चिकटतात. ताडपत्रीनं झाकू नका, खाली घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

आणि उंदीर. धान्याचं शेड असेल तर ते येतातच, वायरिंगचं आवरण खातात. सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला तारेची जाळी बांधा, जवळपास तुरीची पोती ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडं टाकून ठेवा. दिवाळीत गाडी काढताना आधी सगळ्या वायरवरून हात फिरवा, जाळ्या सोडा, ऑइलची पातळी पाहा, प्लग काढून हातानं इंजिन दोन फेरे फिरवा, आणि मगच किल्ली लावा.